दिवा विझवणारा अबू रनीम

"बाबा, एअरबॅगचा दिवा मधूनच लागतो," रनीम गाडीच्या खिडकीतून म्हणाली. "मला कसंतरीच होतं. तेवढा विझवून द्या."

अबू रनीमने आधी लेकीकडे पाहिलं, मग गाडीकडे. पांढरी, अमेरिकेहून आलेली, चार-पाच वर्षं वापरलेली. लेकीला सहावा महिना होता आणि स्टिअरिंग तिच्या पोटाला टेकायचंच बाकी होतं.

"ही कुणाची?"

"आमची. घेतली. रोज बसने जरशच्या शाळेत शिकवायला जाऊन-येऊन जीव जातो माझा."

"मबरूक, अभिनंदन! आणि बापाला विचारलंसुद्धा नाहीस? बयादरच्या अख्ख्या गॅरेजबाजारात माझ्याइतकं गाडीतलं कुणाला कळतं?"

"म्हणूनच नाही विचारलं. तुम्ही छप्पन्न दोष काढले असते."

"कुणाकडची आहे?"

"हाज फव्वाजकडची."

अबू रनीमच्या हातातला चहाचा पेला ओठापर्यंत गेलाच नाही.

हाज फव्वाज अमेरिकेत ठोकलेल्या गाड्या आणायचा, पत्रा सरळ करून रंग मारायचा आणि अम्मानमध्ये विकायचा. धडकेत फुटलेल्या एअरबॅगांचं काम अबू रनीमकडे. तो नवी बॅग बसवत नसे. वायरीत तांदळाच्या दाण्याएवढा एक रेझिस्टर जोडायचा, की गाडीच्या कॉम्प्युटरला वाटायचं, बॅग जागेवर आहे. दिवा विझायचा. वरून नवंकोरं झाकण. नऊ वर्षं त्याने हेच केलं होतं, आणि गिऱ्हाईक खूश होऊन जायचं.

यावरून बापलेकीचं एकदा चांगलंच वाजलं होतं. "लोकांचे जीव जातील, बाबा," ती म्हणाली होती. "मी फक्त दिवे विझवतो," तो म्हणाला होता, "आणि तू मला माझा धंदा शिकवू नकोस." दोन महिने अबोला. मग तिने तो विषय काढणंच सोडलं. पोरीला अक्कल आली, असं त्याने मनाशी धरलं.

"गाडी ठेवून जा," तो आता म्हणाला.

"पाच मिनिटांचं तर काम. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना?"

"रनीम, जा म्हटलं ना. घरी जाऊन जरा पड."

ती गेल्यावर त्याने तपासणीचं यंत्र जोडलं. यंत्राने एकही बिघाड दाखवला नाही. दिवाही लागून राहिला नाही. वायर कुठेतरी सैल असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. मग बॅटरी सोडवली आणि स्टिअरिंगचं झाकण उघडलं.

आत पोकळी होती. पोकळीत हिरव्या टेपमध्ये गुंडाळलेला दाणा. हिरवी टेप अशी तिरकी गुंडाळणारा बयादरमध्ये एकच माणूस होता.

तो तिथेच फरशीवर बसला. जरशचा उतार, समोरून येणारे ट्रक, आणि या पोकळ चाकामागे बसलेली त्याची एकुलती एक पोर, पोटातल्या जिवासकट. "या अल्लाह," तो मोठ्याने म्हणाला, "काय करून बसलो मी!"

तिला सांगायची मात्र त्याची छाती झाली नाही. त्याने फोनवर "जरा वेळ लागेल" एवढंच कळवलं आणि सहाबच्या भंगारबाजारात गेला. पुढून ठोकलेल्या गाड्या तिथे रांगेने पडल्या होत्या. त्याला हवी होती मागून ठोकलेली, म्हणजे पुढच्या बॅगा शाबूत. पहिला दिवस वाया गेला, दुसराही. तिसऱ्या दिवशी तीच बनावट, तेच वर्ष, मागची डिकी पार चेपलेली.

"तू आणि खरी बॅग?" भंगारवाला म्हणाला. "तब्येत बरी आहे ना, अबू रनीम?"

"तोंड बंद कर आणि पाना दे."

चौथ्या दिवशी त्याने स्टिअरिंगमधली आणि शेजारच्या सीटसमोरची, अशा दोन्ही बॅगा बसवल्या, प्रत्येक जोड तीन-तीनदा पाहिला आणि किल्ली फिरवली. दिवा लागला. त्याने श्वास रोखून धरला. सहा सेकंद. दिवा विझला, कुठल्या दाण्याशिवाय, आपला आपण.

रनीम जन्मली आणि दाईने मायलेकी सुखरूप आहेत असं सांगितलं, त्यानंतर इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं. तो गाडीतच बसून ढसाढसा रडला. मग आरशात आपलं तोंड पाहून त्याला हसू आलं.

संध्याकाळी रनीम आली.

"काय निघालं?"

"वायर सैल होती."

"त्याला चार दिवस?"

"म्हातारा झालोय आता. चालव बिनधास्त. आणि पट्टा लाव, पोटाच्या खालून."

तिने त्याचा हात ओठांना लावला, मग कपाळाला, आणि गाडी काढली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो पाहत राहिला. त्या रात्री तो चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या दाराशी नजवा उभी होती. ती तिथे गणित शिकवायची आणि तिला जुळी मुलं होती. रनीमने किल्ली तिच्या हातात ठेवली.

"घे तुझी गाडी. दोन्ही बॅगा खऱ्या."

"कशावरून?"

"नुसता दिवा विझवायला त्यांना चार दिवस लागत नाहीत."

नजवाने छातीवर हात ठेवून मोठा सुस्कारा सोडला. "आणि त्यांना संशय नाही आला?"

"कसला? ही माझीच आहे असं वाटतंय त्यांना," रनीम म्हणाली आणि मागे उभ्या असलेल्या मुख्याध्यापिकांकडे वळली. "उम्म लैथ, आता तुमची निळी द्या. बाबांना सांगते, पांढरी विकली आणि ही घेतली."