साहेबांचं माप

तिसऱ्या पायरीवर साहेब थांबले आणि पुढे जायचं नाव घेईनात. कंडक्टरने वर कान लावला. दुसऱ्या मजल्यावर बायकोचं पायाचं शिलाई मशीन खडखडत होतं. म्हणजे रस्ता मोकळा होता. त्याने साहेबांच्या पोटाखाली हात घातले, "चला, आत सरका" म्हणत त्यांना छातीशी धरलं आणि धापा टाकत जिना चढू लागला.

साहेब म्हणजे त्याचा कुत्रा. तांबूस, जाडजूड, तोंडाशी पांढरा झालेला. डेपोतल्या साहेबापुढे कंडक्टरला जन्मात कधी तोंड उघडता आलं नाही. म्हणून पिल्लू घरी आणलं तेव्हा त्याचं नावच साहेब ठेवलं. "साहेब, खाली बसा!" "साहेब, चप्पल सोडा!" असं घरी ओरडता येऊ लागलं आणि त्याची उरलेली नोकरी सुखात गेली.

हे साहेब कालपरवापर्यंत असा जिना चढत, की कंडक्टरच मागे पडायचा. मग एका सकाळी उठले ते मागचा पाय उचलूनच. हात लावला तर कळवळले.

बायकोने मागेच बजावून ठेवलं होतं. "ज्या दिवशी यांना जिना चढवेना, त्या दिवशी यांची रवानगी लेकीकडे. तिचं घर बैठं आहे. तुमची कंबर आणि यांचे पाय, दोन्ही मी सांभाळणार नाही." आणि ती एकदा बोलली की बोलली. लेक राहायची पार दुसऱ्या गावात. साहेबांशिवाय घर ही कल्पनाच कंडक्टरला सहन होईना. म्हणून ही लपवाछपवी. घरात साहेब दिवसभर पडून असत, ते वयावर खपून जायचं. भीती होती ती जिन्याची. पण मशीन चालू असेपर्यंत बायको उठून दाराशी येत नाही, एवढं त्याला ठाऊक होतं.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला.

"हाड शाबूत आहे. सांधा दुखावलाय. या वयात उंचावरून उड्या मारल्या की असं होतं. पलंगावर, सोफ्यावर चढतो का?"

"छे हो! आमच्याकडे सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची मला परवानगी नाही, यांना कुठली? हे स्वयंपाकघराच्या दाराशी झोपतात, त्यांच्या अंथरुणावर. मी बाहेरच्या खोलीत. घोरतो म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, शेक द्यायला सांगितला, जिना बंद केला आणि घरातली माणसांची गोळी चुकूनही देऊ नका, असा दम भरला. घरी येऊन कंडक्टरने साहेबांचं अंथरूण झटकलं. एक केस पडला नाही. बायकोच्या स्वच्छतेला तोड नाही, असं म्हणून त्याने ते पुन्हा पसरलं.

दुसऱ्या दिवशी तो दूध घेऊन आला आणि दारातच थबकला. बायको जमिनीवर बसली होती, गळ्यातली टेप हातात घेऊन. साहेब मुकाट उभे होते. ती जमिनीपासून त्यांच्या छातीपर्यंतचं माप घेत होती.

"काय चाललंय?"

"माप घेतेय. सुतार यायचाय."

कंडक्टरला पुढचं विचारायचा धीर झाला नाही. विचारायचं होतं तरी काय? लांबच्या प्रवासाला पेटी लागणारच. म्हणजे हिला सगळं कळलं होतं. तो साहेबांजवळ बसला आणि त्यांचे कान कुरवाळत राहिला. साहेबांनी त्याच्या मांडीवर डोकं टेकलं, तसे त्याचे डोळे भरून आले.

सुतार आला. खांद्याला करवत. बायको त्याला सरळ आत घेऊन गेली. तेव्हा मात्र कंडक्टर उठला. आयुष्यभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"पेटी बनवायची नाही!" तो झोपायच्या खोलीच्या दारातून ओरडला. "साहेब कुठेही जाणार नाहीत! जाणार असतील तर मीही जाणार!"

सुतार बावचळला. "पेटी कसली, काका? बाईंनी पलंगाचे पाय कापायला बोलावलंय. मागच्या महिन्यात म्हणाल्या, गुडघे धरतात, उंच बनव. आता म्हणतात बुटका कर. मी काय, सांगाल तेवढं कापतो."

कंडक्टरने पलंगाकडे पाहिलं. बायकोच्या उशीशेजारी एक छोटी उशी होती. नव्या अभ्र्याची, छान झालर लावलेली. तिच्यावर तांबूस केसच केस होते.

बायको टेप गुंडाळू लागली. गुंडाळलेली टेप तिने पुन्हा उलगडली.

"तुम्हाला घोरता म्हणून बाहेर काढलं आणि मलाच झोप येईना," ती शेवटी म्हणाली. "हेही घोरतात. तुमच्याइतकं नाही, पण चालतं. जुन्या पलंगावर आरामात चढत होते. या नव्यावरून उतरताना पाय दुखावला. माझ्यामुळेच झालं."

"आणि तुझे गुडघे?"

"मला उठता आलं नाही तर मी तुम्हाला हाक मारीन. ते कोणाला हाक मारणार?"

सुताराने करवत लावली. साहेब लंगडत आत आले आणि आपल्याच घरात आल्यासारखे पलंगाखाली बसले. कंडक्टरला हसू आवरेना. मग एकदम त्याला जिना आठवला आणि त्याचा चेहरा उतरला.

"अगं, पण तू म्हणाली होतीस, ज्या दिवशी यांना जिना चढवेना... खरं सांगायचं तर मी यांना रोज..."

"रोज उचलून आणता. माहितीये," बायको म्हणाली. "हे लंगडायला लागल्यापासून माझ्या सुईत दोरा नाही. तुम्ही दोघं वर पोचेपर्यंत मी नुसतंच मशीन चालवत बसते."