समेवर तुटणारा आवाज

मांडवातला आवाज पुन्हा गेला. आत संगीत सभेच्या हॉलमध्ये सीतालक्ष्मीचं गाणं तसंच चाललं होतं. पण बाहेर, तिकीट न मिळालेल्यांसाठी घातलेल्या मांडवात, स्पीकर एकाएकी मुके झाले आणि दोन-तीन मात्रांनी पुन्हा बोलू लागले.

"गुंडो सार! वेळियिले सत्तम इल्लै!" सभेचे चिटणीस नारायणस्वामी दारातून ओरडले. बाहेर आवाज नाही, हे जणू माइक-स्पीकर सांभाळणाऱ्या गुंडोरावांना कळतच नव्हतं!

हॉलपासून मांडवापर्यंतची ही डिजिटल वायर यंदा नारायणस्वामींनीच हट्टाने आणवली होती. ती दहा हात कमी पडली, तेव्हा टोकं जुळतात म्हणून गुंडोरावांनी माइकची जुनी वायर जोडून दिली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथे तीनही निघाले नाहीत. त्यात हिची रीत निराळी. जुन्या पद्धतीची वायर जाण्याआधी खरखरते, आपली चुगली आपणच करते. ही एक शब्द न बोलता गप्प होते.

सईबाईंनी गाणं सोडलं तेही असंच. गुंडोरावांची ही बायको आणि आत गाणारी सीतालक्ष्मी, दोघी एका चटईवर बसून एकाच गुरूकडे शिकलेल्या. सासूला सुनेचं गाणं नको होतं. सईबाईंनी तंबुरा माहेरी पाठवून दिला, कुरकुर केली नाही. गुंडोरावही तेव्हा काही बोलले नाहीत. त्याला बावीस वर्षं झाली. जन्मभर जगाचा आवाज मोठा करून देणाऱ्या या माणसाला आता एवढंच हवं होतं की, एकदा, एकदाच तो गळा पुन्हा कानावर पडावा. आज सकाळीही त्यांनी बायकोपुढे पहिल्या रांगेचा पास धरला होता. "मला कसाला तो?" म्हणत सईबाईंनी तो नुकत्याच उतरवलेल्या दुधाच्या भांड्याखाली सरकवला.

आवाज पुन्हा तुटला. गुंडोरावांच्या हाताची बोटं आपोआप ताल मोजत होती, ती थबकली. गेल्या वेळीही इथेच तुटला होता. आदितालाच्या आठ मात्रा, आणि बरोबर समेवर खंड. वायरीला कुठला आलाय ताल? त्या जोडावर कुणीतरी माणूस बसलाय, हे त्यांनी ओळखलं आणि वायर हातात धरून ते मांडवात शिरले.

वायर खांबाच्या कडेने, बायकांच्या जमखान्याखालून गेली होती. गुंडोराव वाकून, "थोडं सरका मामी, थोडं सरका," करत पुढे निघाले. जोड जिथे होता तिथे, अगदी कडेला, खांबाला टेकून एक बाई डोळे मिटून बसली होती. तिचा उजवा हात जमखान्यावर ताल धरत होता. बाकीच्या मात्रांना हलका, समेला जोरकस.

ती सईबाई होती.

तेवढ्यात सम आली, हात पडला, स्पीकर गप्प झाले. आणि त्या गप्प झालेल्या जागेत सीतालक्ष्मीची अर्धी राहिलेली ओळ सईबाईंनी पुढे नेली. अगदी हळू. आवाज थोडा गंजला होता, वरच्या षड्जाला किंचित कापत होता; पण जागा तीच, वळण तेच. स्पीकर सुरू झाले तशा त्या थांबल्या.

गुंडोराव गुडघ्यांवर बसले. जमखान्याची कड उचलून त्यांनी जोड पाहिला. सैल झाला होता, बस्स. काढून पुन्हा घट्ट बसवायचा, पाच सेकंदांचं काम. त्यांनी तो काढला.

मांडव मुका झाला. सईबाई गात राहिल्या. एक ओळ संपली, दुसरी सुरू झाली. शेजारच्या बायका वळून पाहू लागल्या. एका म्हातारीने बोलणाऱ्या दोघींना हाताने गप्प केलं. मागचे पुरुष मात्र ओरडू लागले होते, आणि नारायणस्वामी दारातून विचारत होते, "सार, काय झालं? सापडलं का?"

"अजून नाही," गुंडोराव म्हणाले. दोन टोकं त्यांच्या दोन हातांत होती. डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला तिसरा हात नव्हता.

आणखी एक आवर्तन पुरं झालं. समेवर येऊन सईबाईंनी डोळे उघडले. समोर नवरा, त्याच्या हातांतली वायर, आजूबाजूचे चेहरे. चोरी पकडली गेल्यासारख्या त्या लाजल्या. पदर सावरला.

"जोडा आता," त्या म्हणाल्या. "लोकं सीतालक्ष्मीला ऐकाया आलीत."

"मी नाही आलो," गुंडोराव म्हणाले.

सईबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं.

"हे तेव्हा बोलायचं होतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही, रोजच्या आवाजात.

मग नवऱ्याच्या हातांतली दोन्ही टोकं त्यांनी काढून घेतली, स्वतःच एकमेकांत घट्ट बसवली आणि जोड अलगद जमखान्याखाली सारला. स्पीकर दुमदुमले. मागे टाळ्या पडल्या.

सईबाईंनी दोन्ही हात मांडीवर घेऊन एकमेकांत गुंफले. ताल पुन्हा धरला नाही. मैफल संपेपर्यंत मांडवातला आवाज एकदाही तुटला नाही.