ताटलीतले डोळे

प्रयोगशाळेच्या दारावर कुणीतरी कोळशाने ताटली काढली होती, आणि ताटलीत दोन डोळे. रसायनतज्ज्ञ ओर्नेल्लाने हातातली किल्ली तशीच खिशात टाकली. सिसिलीतल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही ही खूण कळे. छळणाऱ्यांनी जिचे डोळे उपटले आणि चित्रांत जी ते ताटलीत धरून उभी असते, ती संत लुचिया. उद्या तिचा उत्सव होता. चर्चमधल्या कुपीतलं तिचं सुकलेलं रक्त दरवर्षीसारखं सगळ्यांदेखत पातळ होणार होतं. ते रक्तच नाही, लोखंडाच्या क्षाराचा लगदा आहे, असा ओर्नेल्लाचा अहवाल लिहून तयार होता.

ती धावतच चर्चमध्ये गेली. "फादर, कुणीतरी माझे डोळे काढायला टपलंय."

फादर एर्कोलेंनी आधी दाराला कडी घातली. कडीवरची त्यांची बोटं काळी होती. ते पाहून ती भिंतीपर्यंत मागे सरली.

"घाबरू नकोस, पोरी. धमकी नव्हती ती. आपल्याकडे लुचियापाशी नजर मागतात ना? तुला दिसलंय ते तू डोळ्यांआड करू नयेस, एवढंच मागितलं मी."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तीस वर्षं. कुपी मीच हलवतो. हलवली की पातळ होतं. आजच्या आज छाप तो अहवाल. माझं नाव मात्र घेऊ नकोस."

"मग तुम्हीच का सांगत नाही त्यांना?"

फादरनी खिडकीच्या फटीतून चौकात जमणाऱ्या लोकांकडे पाहिलं. त्यांचा आवाज एकदम खाली गेला.

"विश्वास ठेवायला मीच शिकवलं गं त्यांना. आता मलाच त्यांची भीती वाटते."