सान्यांचं व्हिएतनाम

पडद्यावर गोगलगायींनी भरलेली बशी आली आणि पहिल्या रांगेतल्या चार बायकांनी नाकाला पदर लावला.

"हे हनोईतलं रस्त्यावरचं खाणं," गोपाळकृष्ण साने म्हणाले. "गवती चहा घालून उकडतात. छान लागतं, असं म्हणतात."

असं म्हणतात! तिसऱ्या रांगेतल्या पोपटरावांचे कान टवकारले. स्वतः खाऊन आलेला माणूस असं कशाला म्हणेल?

बिबवेवाडीच्या त्या सोसायटीत एक रिवाज होता. कुणी परदेशी जाऊन आलं की रविवारी सकाळी त्यानं सभागृहात फोटो दाखवायचे आणि बाकीच्यांनी फुकटची कॉफी पीत शंका काढायच्या. यातून सुटका नसे. सान्यांनी तर ही पीडा आपल्याच हातानं ओढवून घेतली होती. पंधरा दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांच्या नंबरवरून याच गोगलगायींचा फोटो आला. दोन मिनिटांत पुसलाही गेला, पण तोवर निम्म्या सोसायटीनं पाहिला होता. पुढच्या सोमवारी साने लिफ्टपाशी दिसताच लोकांनी त्यांना घेरलं. ते आधी गडबडले, मग म्हणाले, "हो, व्हिएतनामला जाऊन आलो. एकटाच."

पोपटरावांना ते तेव्हाच खटकलं. कारण मधल्या गुरुवारी त्यांनी सान्यांना मंडईत मेथीच्या जुड्या निवडताना पाहिलं होतं. एरवी पोपटराव भाजीला जात नसत. पण त्यांच्या पत्नी वेणूताई त्या आठवड्यात सान्यांच्या पत्नी पूर्णिमाताईंबरोबर कोकणातल्या कुठल्याशा आश्रमात मौन शिबिराला गेल्या होत्या, त्यामुळे पिशवी त्यांच्या हातात आली होती. मंडईत गर्दी फार, म्हणून त्यांनी हाक न मारता सान्यांना फोन लावला, तर लागेना. थाप पचावी म्हणून माणूस फोनसुद्धा बंद ठेवतो! पोपटरावांनी तेव्हा कुणाला काही सांगितलं नाही. राखून ठेवलं.

राखून ठेवायला कारणही होतं. गेल्या गणपतीत त्यांनी याच सभागृहात आपली काशीयात्रा सांगितली, तेव्हा सान्यांनी भर सभेत उठून त्यांचे दोन घाट चुकल्याचं दाखवून दिलं होतं. लोक हसले होते. अजूनही कुणी कुणी "काय पोपटराव, कुठला घाट?" असं विचारत आणि ते मनाला लागे. आज त्याचं उट्टं काढायचं होतं.

"साने, एक शंका," पोपटराव बसल्या जागेवरून म्हणाले. "ही गोगलगाय कवचातून काढता कशी हो?"

सान्यांनी पूर्णिमाताईंकडे पाहिलं. त्या साडीच्या निऱ्या नीट करू लागल्या.

"टाचणीनं," बायकांच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालं.

"हां, टाचणीनं," साने म्हणाले.

"तुम्ही किती खाल्ल्या?"

"मोजल्या नाहीत."

"आम्ही माळकरी. आम्हाला यातलं काय कळणार?" पोपटराव म्हणाले. ते खरंच होतं. त्यांच्या घरी अंड्याचा केकसुद्धा उंबरा ओलांडत नसे. जावयानं आणलेला केक त्यांनी एकदा दारातूनच परत धाडला होता.

साने घाईघाईनं फोटो पुढे सरकवत राहिले. सान्यांच्या घरात नवरा-बायकोत मिळून असलेला एकुलता एक मोबाइल तारेनं पडद्याला जोडलेला होता. नूडल्सचं सूप, पावात भरलेली कोथिंबीर, अंडं फेटून केलेली कॉफी. एकाही फोटोत माणूस नव्हता, नुसत्या बशा. सातवा फोटो झाला आणि सान्यांनी घाम पुसला. "संपलं. कॉफी घ्या सगळ्यांनी."

पोपटराव उभे राहिले.

बायकांच्या रांगेतून वेणूताईंनी खूण केली. "जाऊ दे ना हो. माझं डोकं दुखतंय, घरी चला."

"दोन मिनिटं थांब." ते सभेकडे वळले. "मंडळी, ज्या गुरुवारी हे गृहस्थ व्हिएतनामात होते, त्या गुरुवारी मी यांना मंडईत मेथी निवडताना पाहिलंय. या डोळ्यांनी. हे पुण्याबाहेर गेलेलेच नाहीत!"

सगळ्या माना सान्यांकडे वळल्या. कुणी कॉफीचा घोटही घेईना. पोपटरावांना फार बरं वाटलं. काशीपासून छातीवर बसलेला धोंडा आज उतरला.

"बोला साने. होता की नव्हता मंडईत?"

"होतो," साने म्हणाले.

"मग व्हिएतनाम?"

"नाही गेलो. मी खोटं बोललो, झालं? सगळ्यांची माफी मागतो. आता बसा."

"असं कसं? मग हे फोटो कुणाचे? इंटरनेटवरून ढापलेत ना?"

"पोपटराव," साने अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "तुमच्या भल्याचं सांगतो. इथंच थांबा."

"माझ्या भल्याची काळजी तुम्ही नका करू!"

पोपटराव तरातरा पुढे गेले. टेबलावरच्या मोबाइलवर सान्यांनी तळहात ठेवला. पोपटरावांनी तो मनगटाला धरून बाजूला केला. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. "अहो, नका ना!" वेणूताई ओरडल्या. पोपटरावांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

"संपले म्हणे फोटो! इथं तर पुढं आहेत की. बघू या सगळेच, कुठून चोरलेत ते."

त्यांनी काचेवरून बोट फिरवलं आणि विजयी मुद्रेनं पडद्याकडे पाहिलं.

रस्त्याच्या कडेला, वीतभर उंचीच्या प्लास्टिकच्या स्टुलावर, पदर खोचून एक बाई बसली होती. हातात कोंबडीचं अर्धं खाल्लेलं तंगडं, हनुवटीवर रस्सा, आणि डोळे मिटेपर्यंत हसू. इतकी मोकळी हसणारी वेणू पोपटरावांनी लग्नानंतरच्या छत्तीस वर्षांत एकदाही पाहिली नव्हती.