उजवा पाय शाबूत

कळंबच्या कचेरीत मार्तंडराव कारकुनानं सिद्धलिंगच्या धोतराच्या रिकाम्या सोग्याकडं बघून नाक मुरडलं. "पलटणीच्या दवाखान्याचा कागद कुठंय?"

"निजामाचं राज्य गेलं, तवा तो बी गेला, रावसाहेब," सिद्धलिंगची बायको जगदेवी म्हणाली. "पाय न्हाय, ते दिसतंय की तुमाला."

"मला काय दिसतं, ते कोण विचारतं बाई? कागद नाही तर जखम नाही." पेन्शनच्या अर्जावर त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं, 'उजवा पाय शाबूत समजावा.'

मेल्याचं अक्षर तेवढं देखणं, डोक्यात नुसता भुसा, असं मनात म्हणत जगदेवीनं नवऱ्याला कुबडी दिली. "चला वो. मोठ्या सायबाला दावू."

सिद्धलिंग बाहेर जाऊन पायरीवर टेकला. उंबऱ्याशी जगदेवीनं मागं वळून पाहिलं. सकाळीच सारवलेल्या ओल्या जमिनीवर कुबडीचे खळगे होते, डाव्या पावलाचे ठसे होते आणि शेजारी उजव्याचेही होते, पाचही बोटांसकट.

या टोणग्यानं बघितलं तर अर्ज संपलाच! ती झटकन वाकली आणि तळहातानं एकेक ठसा लिंपू लागली. शेवटचा गरम लागला.

तिनं मान वर केली. पुढं एक नवा ठसा उमटत होता. त्याची बोटं मार्तंडरावाच्या टेबलाकडं होती.