दारी आलेला ईमेल

ह्यांच्या बदलीमुळे कोलकात्यात डमडमला आल्यापासून मी घरून उपवासाचे डबे देते. इथे मराठी घरं मुळातच थोडी, त्यातलीही काही बदली होऊन गेली. "या एकादशीलाही कुणी विचारलं नाही, तर बंद कर बाई आता," ह्यांनी सांगून ठेवलं होतं.

एका जाहिरात कंपनीचा ईमेल मात्र रोज न चुकता यायचा, 'आम्ही तुमचे ग्राहक दसपट वाढवू.' दारी आलेल्याला विन्मुख पाठवायचं नाही, हा माझा चातुर्मासातला नेम. म्हणून पूजा आटोपली की मीही रोज मराठीतच उत्तर लिहायचे, "नमस्कार. आपली सेवा सध्या नको. एकादशीला साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस आहे."

"अगं, तिकडे मशीन असतं," हे हसायचे. "त्याला कसला आलाय उपवास?"

दशमीला संध्याकाळी पहिल्यांदाच तिकडून उत्तर आलं.



"काकू, ऑफिसात मराठी येणारा मी एकटाच, म्हणून तुमची उत्तरं रोज मलाच वाचायला देतात, साहेबांनी आज तुम्हाला ब्लॉक करायला सांगितलंय, करतोच, पण त्याआधी उद्याचा एक डबा न्यू टाउनला लिहून घ्या."