तक्रारीची स्क्रीन

"दवाखान्याच्या अ‍ॅपमधला तक्रारीच्या स्क्रीनचा क्लास यादीतून उडव," देवस्थळी सर म्हणाले. "बटण राहू दे. पेशंट दाबेल, अ‍ॅप बंद पडेल, चार वेळा करून गप्प बसेल."

प्रत्येक स्क्रीनचा क्लास, म्हणजे ती चालवणारा कोडचा तुकडा, अ‍ॅपच्या एका फाइलीत नावानिशी नोंदवावा लागतो. नाव नसेल तर फोन ती स्क्रीन उघडतच नाही, तुम्ही कितीही जीव ओतून बनवा.

मी त्या नावाची ओळ खोडली आणि बघतच राहिले. स्क्रीनच्या आत एक खोली होती. बाकांवर माणसं रिपोर्ट धरून बसली होती आणि बाहेरून कडी मी घातली होती. कुणी ओरडत नव्हतं.

ओळ पुन्हा लिहिली. अ‍ॅप लोकांसाठी खुलं केलं.

"नोकरी गेली तुझी, हेमांगी!" सर किंचाळले.

मी स्क्रीनमध्येच बघत होते. बाकावरची पहिली बाई उठून उघड्या दाराकडे निघाली होती.